अकरावा भोवरा आणि लाखेची कांडी

मंडळी, बसली! काल संध्याकाळी लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) केलेल्या अकराव्या भोवऱ्यावर लाख एकसंध बसली. वळ्या नाहीत, दाणे नाहीत, पोटावर करपलेला पट्टा नाही. केवड्याचं पान टेकवलं आणि गेरूच्या मातकट लाल रंगात समोरची ट्यूबलाइट सरळ रेघेसारखी दिसायला लागली. लेथ बंद करून मी दहा मिनिटं तो भोवरा नुसता हातात घेऊन बसले होते.

आधी मागच्या नोंदीतलं उरलेलं थोडक्यात. लाटणं कातताना लाकडात रुतणारा स्किउ, म्हणजे तिरप्या धारेची पटाशी, आता हातात बसू लागलाय. लाटण्याच्या सबंध लांबीवर एकही कॅच न घेता, म्हणजे हत्यार अचानक न रुतता, दोन्ही बाजूंनी फिरवता आला. ज्यांनी मला ‘धार नाही, बेव्हल बघ’ असं सांगितलं होतं त्यांचे मनापासून आभार. बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतार, लाकडावर टेकण्याआधीच मी टोक खाली घालत होते, एवढाच तो दोष होता. शिसवाचं ते लाटणं वहिनीकडे गेलं आणि तिने त्याच दिवशी पोळ्या लाटल्या. त्याला लाख दिलेली नाही, कारण पाण्याने आणि गरम तव्याच्या शेजारामुळे ती टिकणार नव्हती. नुसतं जवसाचं तेल चोळलंय. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून टोपलीत टाकू नका. सुकताना तो आपोआप तापतो आणि पेटू शकतो. मी तारेवर पसरून वाळवते.

आता लाख. फिरत्या लाकडावर कोरडी कांडी दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळायची आणि पानाने पसरायची. ना ब्रश, ना थिनर, ना वाळायची वाट. मे महिन्यात सावंतवाडीच्या चितार आळीत रंगीत लाकडी फळांनी भरलेली दुकानं पाहिली, तेव्हापासून हे डोक्यात होतं. पण माझ्या भोवऱ्यावर व्हायचं असं, की आरेकडच्या (खालच्या खिळ्याकडच्या) निमुळत्या भागावर रव्यासारखे दाणे आणि पोटावर तपकिरी, वास मारणारा पट्टा. मधल्या बोटभर जागेत मात्र सुंदर चकाकी. ती बोटभर जागा नसती तर मी केव्हाच सोडून दिलं असतं.

पहिले चार भोवरे सागाचे होते. वखारीत सागाचे तुकडे वजनावर स्वस्त मिळतात, म्हणून आणले होते. साग लाखेसाठी घेऊ नका असं माझं आता ठाम मत झालंय. त्याच्या वर्षाच्या कड्यांमध्ये मोठी छिद्रं असतात. लाख वरून जाते आणि छिद्रं काळ्या ठिपक्यांसारखी उरतात. शिवाय लाकूड अंगचंच तेलकट, आणि त्यातल्या वाळूच्या कणांनी हत्याराची धार मरते ती वेगळीच. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी ज्या लाकडाची होतात तो आपला काळा कुडा. रंगाने जवळजवळ पांढरा, पोत हस्तिदंतासारखा दाट. भोरजवळ मावसभावाच्या बांधावरचा कुडा वादळात पडला, त्याच्या मनगटाएवढ्या फांद्या मला मिळाल्या. साल काढून दोन्ही टोकांना फेविकॉल लावून ठेवल्या.

इथे माझी घाई नडली. पाचवा ते आठवा भोवरा त्याच कुड्याचा, पण ओला. लाख बसली, चमकली, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे टाचणीच्या टोकाएवढे फोड. कांडी दाबली की लाकूडही तापतं, आतली ओल वाफ होऊन वर येते आणि मऊ लाखेला उचलते. तेव्हापासून प्रत्येक ठोकळ्यावर पेन्सिलीने तारीख आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरचं वजन लिहिते. 182 ग्रॅमचा ठोकळा 141 वर आला आणि सलग तीन आठवडे तिथेच राहिला, तेव्हा चकमध्ये, म्हणजे लेथच्या लाकूड पकडणाऱ्या भागात, धरला. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत ठोकळा तारखेवर वाळत नाही, काट्यावर वाळतो.

नववा भोवरा कोरड्या कुड्याचा. फोड गेले, दाणे राहिले. मग कांडीवर संशय आला. मी तयार रंगीत कांड्या एका दुकानातून घेतल्या होत्या, शुद्ध लाख म्हणून. त्यातल्या लाल कांडीचा तुकडा कुटून स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवला. लाख विरघळली आणि तळाशी करंगळीच्या पेराएवढा गाळ बसला. रंग तळाशी बसणार हे मला माहीत होतं, पण एवढा? गाळ वाळवून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि तो फसफसला. म्हणजे खडू. कांडीतला बराचसा भाग वितळणारच नव्हता आणि मी महिनाभर माझ्या हाताला दोष देत होते. मला याचा खरंच राग आला. लाकूड कातायला, घासायला दोन तास जातात आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते असं वाया जातं. कांड्या विकत घेणार असाल तर आधी एक तुकडा स्पिरिटमध्ये टाकून बघा.

त्यानंतर कांड्या घरीच करायच्या ठरवल्या. रविवार पेठेत फ्रेंच पॉलिशसाठी मिळतो तोच पातळ पापुद्र्यांचा चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, घेतला. पहिला 100 ग्रॅमचा घाणा मी गॅसवर थेट वाटी ठेवून मारला. लाख 70–80 अंशांच्या आसपास मऊ होऊन वितळते, पण जास्त वेळ जास्त तापवली की तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मग ती पुन्हा वितळतच नाही. वाटीत रबरासारखा गोळा झाला आणि तसाच राहिला. दुसऱ्या वेळी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर स्टीलची ताटली ठेवली. चपडा हळूहळू मधासारखा सैल झाला, त्यात चाळलेला गेरू घातला आणि दोन काड्यांवर ओढत, दुमडत, पुन्हा ओढत राहिले. पंधरा-वीस वेळा ओढल्यावर तिच्यावर रेशमासारखी झाक येते. ती दिसली की थांबायचं आणि पाटावर लाटून कांडी करायची. लाक्षागृहाची गोष्ट आठवा आणि ज्योतीजवळ हे करू नका.

पिवळ्यासाठी हळद घालून पाहिली. रंग अप्रतिम आला, पण खिडकीत ठेवलेला नमुना दोन आठवड्यांत फिका पडला. हळद उन्हात टिकत नाही. पिवळ्याला पिवळी माती घेणार. लहान मुलांच्या खुळखुळ्याला लाखेसारखं दुसरं काही नाही असं मला वाटतं, औषधाच्या गोळ्यांवरही तिचा लेप असतो. पण तिच्यात मिसळलेला रंगही तोंडात जाण्यासारखाच हवा. रंगाच्या दुकानातली कुठलीही पूड घालू नका.

दहाव्या भोवऱ्यावर घरची कांडी वापरली. पोट पुन्हा करपलं, पण दाणे अर्धे झाले. अकराव्याच्या वेळी पॉलिश पेपर मारायला लेथचा पट्टा खालच्या पुलीवर घेतला होता, मिनिटाला 1100 फेऱ्यांवर. 320 नंबरचा पेपर मारून झाला आणि तो पट्टा परत 1600 वर चढवायचा मी विसरले. कांडी तशीच लावली. पोटावर ती लोण्यासारखी पसरली. आरेकडे थोडी कमी पडली, तिथे पान हळूहळू सरकवत पोटावरची मऊ लाख खाली नेली. पानाबद्दल सावंतवाडीत एका म्हाताऱ्या काताऱ्यांनी मला सांगितलं होतं, “पान वडू नको गो, नुसता टेकव.” ते काल पहिल्यांदा हाताला कळलं. दाबलं की पान लाख खरवडतं, टेकवलं की गुळगुळीत करतं. पानं वेंगुर्ल्याहून मावशी एसटीच्या पार्सलने पाठवते. काटेरी कडा कात्रीने काढून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की आठवडाभर टिकतात.

काल मी हे नशीब समजत होते. आत्ता लिहिताना आकडे मांडले आणि लख्ख दिसलं. आपण सगळे फेऱ्यांबद्दल बोलतो, पण लाखेला फेऱ्या कळत नाहीत, तिला तिच्याखालून पळणारा पृष्ठभाग कळतो. माझ्या भोवऱ्याचं पोट 48 मिलिमीटर, आरेजवळचा भाग 12. 1600 फेऱ्यांना पोटाची कड सेकंदाला 4 मीटर पळते आणि आरेजवळ फक्त 1. एकाच भोवऱ्यावर चौपट फरक! एकीकडे लाख जळणार, दुसरीकडे वितळणारच नाही. 1100 वर पोट पावणेतीन मीटरवर येतं.

इथे लिहिणं थांबवून मी खाली शेडमध्ये जाऊन आले. कुड्याच्या एका कोरड्या दांड्यावर पाच पायऱ्या कातल्या, 10, 20, 30, 40 आणि 50 मिलिमीटरच्या, आणि 1600 वर सगळ्यांना एकच कांडी लावली. 10 वर नुसती पूड. 20 वर चिकटते, पण जोर लावावा लागतो. 30 वर, म्हणजे अडीच मीटरला, पहिल्याच टेकवण्यात काचेसारखी चकाकी. 40 वर पसरते, पण पानाखाली कडा उठतात. 50 वर वास येतो आणि लाल रंग विटकरी होतो. एकच दांडा, एकच कांडी, एकच वेग, त्यामुळे दुसरं काही मध्ये येत नाही. ज्यांच्याकडे लेथ आहे त्यांनी हा दांडा आपापल्या कांडीसाठी करून बघावा आणि कोणत्या पायरीवर अशी चकाकी आली ते मला कळवावं. कांडीतल्या रंगाने हा आकडा बदलतो का, याची मला फार उत्सुकता आहे.

म्हणजे भोवऱ्यासाठी दोन टप्पे. पोट 1100 वर, मग पट्टा 3200 वर चढवून आरेचं टोक. तिथे 12 मिलिमीटरला सेकंदाला दोन मीटर मिळतात. फेस शील्ड लावून अर्थातच.

यामुळे दिवाळीचा बेत बदलतेय. पाच भोवऱ्यांचा संच म्हणाले होते, पण आता वाटतं की जाडी फारशी न बदलणाऱ्या वस्तू आधी कराव्यात. भातुकलीची उखळ-मुसळ, रवी, छोटं लाटणं. सगळ्यांची जाडी 25 ते 35 च्या आत ठेवली तर पट्टा न हलवता सगळा संच एका बैठकीत होईल. फणसाचा बाउल, ज्याच्यासाठी मी चकचे मोठे जबडे मागवणार होते, तो जानेवारीपर्यंत थांबेल.

कोणती हत्यारं घ्यावीत असं काहींनी विचारलं होतं म्हणून सांगते. मी आठ नगांचा संच घेतला आणि त्यातली तीनच वापरते. रफिंग गाऊज (ओबडधोबड लाकूड गोल करायची खोलगट पटाशी), स्किउ, पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करायची). पुन्हा घ्यायची वेळ आली तर ही तीनच, एकेकटी, एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) घेईन. साध्या पोलादाची पटाशी ग्राइंडरवर निळी पडली की तिचं पाणी जातं, एचएसएसला एवढं जपावं लागत नाही. आणि जुन्या कानशीची हत्यारं करू नका, कितीही जण सांगोत. कानस कडक असते पण ठिसूळ, कॅच आला की तुकडा तोंडावर येतो.

रविवारच्या भेटीला अकरावा भोवरा, पायऱ्यांचा दांडा आणि दोन गेरूच्या कांड्या घेऊन येतेय. बिघडलेले दहाही आणते, ओळीने मांडू. ज्यांना काळ्या कुड्याचा ठोकळा हवाय त्यांनी पिशवी आणा, सहा तुकडे वजनावर स्थिर झालेत. आणि कुणाकडे भोवऱ्याची जुनी, सुती, घट्ट पिळाची जाळी (फिरवायची दोरी) असेल तर ती जरूर आणा. माझी नायलॉनची जाळी नव्या लाखेवरून घसरते.