पंपाचं झाकण आणि जांभ्याची ओली भिंत

आमचे आप्पा कॅलेंडरवर सगळं लिहितात. दूध, सिलिंडर, नारळ पाडणाऱ्याला दिलेले पैसे, कोणाकडे किती सुपारी गेली. गेल्या दिवाळीपासून त्यात पंपाची भर पडली. फोनवरून पंप लागला तर बरोबरची खूण, नाही लागला तर फुली. मी पुण्यात बसून सगळा जून-जुलै राउटरला शिव्या देत होते, आणि खरं उत्तर त्या चौकोनांत पेन्सिलीने लिहून ठेवलेलं होतं.

आधी जागा सांगते. घर गुहागरच्या बाजूला, जांभ्याच्या चिऱ्यांचं, भिंती सव्वा फूट जाड. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे आगर. आगराच्या टोकाला विहीर. मागच्या दारापासून टेपने मोजलं, ५४ मीटर. विहिरीवर एक हॉर्सपॉवरचा पंप, तो घरामागची टाकी भरतो. पावसाळ्यात शिंपणं नसतं, पण टाकी रोज भरावीच लागते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आप्पा पंप लावायला गेले आणि शेवाळावरून घसरले. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. आप्पांचं वय ७४. त्यानंतर मी ठरवलं की पंप घरातूनच लागला पाहिजे.

मी काही इलेक्ट्रॉनिक्सवाली नाही. मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे हिशेब जुळवते. पण वायफायवर चालणारा एक छोटा रिले, म्हणजे दुरून चालू-बंद करता येणारा स्विच, काडेपेटीएवढा असतो, पाच-सहाशे रुपयांत मिळतो आणि फोनवर बटण दाबलं की खट् करतो, एवढं मला ठाऊक होतं. दिवाळीला गेले तेव्हा गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने पहिल्याच मिनिटाला शहाणपणाची गोष्ट सांगितली: या काडेपेटीतून पंप थेट चालवायचा नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मग पंप बंदच होत नाही. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार झेलणारा दणकट स्विच. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची, पंपाचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा.

सगळं जोडलं. आई मागच्या पायरीवर फोन घेऊन उभी, मी आणि वायरमन विहिरीपाशी. आईने बटण दाबलं, खट्, पंप सुरू. वायरमनने समाधानाने पत्र्याच्या पेटीचं झाकण लावलं, स्क्रू पिळले. आईने पंप बंद करायचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. पंप आपला चालूच. आम्ही हाताने बंद केला, झाकण उघडलं, तर सगळं व्यवस्थित. झाकण लावलं, पुन्हा मुका.

"ताई, ह्याला आत गुदमरतंय," वायरमन म्हणाला.

अगदी तसंच होतं. पंपाचा बोर्ड पत्र्याच्या पेटीत असतो आणि रेडिओलहरींना पत्र्याच्या आरपार जाता येत नाही. मग कॉन्टॅक्टर पेटीतच ठेवला, रिले शेजारी प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये हलवला, आणि दोन वायरी पेटीच्या भोकातून आत घेतल्या. खर्च ९० रुपये. माझ्या सगळ्या प्रयोगांत रुपयामागे सर्वांत जास्त फायदा या डब्याने दिला.

पण झाकण बंद असूनही चालतो म्हणजे नेहमी चालतो असं नाही. दहांतली सहा-सात वेळा चालायचा. इथून पुढे मी जे केलं त्याची थोडी लाज वाटते. पुण्याच्या दुकानातून सहा अँटेनांचा राउटर घेतला. उलटा ठेवलेला कोळी दिसावा तसा. त्याने ओटीवरचा टीव्ही सुसाट चालायला लागला. पंपावर काडीचा फरक नाही.

कारण साधं आहे, पण मला ते उशिरा कळलं. हा फोनवरच्या संभाषणासारखा मामला आहे. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी पलीकडच्या रिलेचं उत्तर परत ऐकू आलं पाहिजे, आणि त्या काडेपेटीची अँटेना म्हणजे सर्किटवर छापलेली नागमोडी रेघ. तिचा आवाज राउटर बदलून वाढत नाही. शिवाय वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. नव्या राउटरचा सगळा तोरा ५ गिगाहर्ट्झवर, आणि असले स्वस्त रिले फक्त २.४ वर बोलतात. ते एका अर्थी बरंच आहे. २.४ ची लहर लांब, साधारण साडेबारा सेंटिमीटरची, आणि भिंतीतून ती ५ पेक्षा जास्त शिल्लक उरते.

मग फोनवर सिग्नल मोजायचं फुकट अॅप घेतलं आणि घरभर फिरले. आकडे डेसिबलमध्ये आणि उणे असतात. उणे ४० म्हणजे अगदी जवळ, उणे ७० पर्यंत काम बिनबोभाट, उणे ८० च्या पुढे रुसवेफुगवे, उणे ९० म्हणजे संपलं. हे आकडे आपल्या नेहमीच्या बेरीज-वजाबाकीचे नाहीत. तीनने खाली गेलं की ताकद निम्मी होते आणि दहाने खाली गेलं की दहावा हिस्सा उरतो. उणे ६० वरून उणे ९० म्हणजे हजारातला एक भाग शिल्लक. ओटीवर उणे ४२, माजघरात ५७, स्वयंपाकघरात ६८, मागच्या पायरीवर ७५, विहिरीपाशी ८८. हेही फोनचे आकडे. रिलेला त्याहून कमी ऐकू येतं.

यावर रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारं यंत्र. आधी तो विहिरीवरच्या खोपटात लावला, म्हणजे पंपाच्या अगदी उशाशी. अर्थात वाया. ज्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही तो निरोप पुढे काय देणार? रिपीटर जिथे सिग्नल मेला आहे तिथे लावायचा नसतो, जिथे अजून ठणठणीत आहे तिथे लावायचा. मग तो स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारच्या प्लगवर आणला. रिपीटरने वेग निम्मा होतो म्हणून लोक नाकं मुरडतात. होऊ दे की. पंपाला "लाग" आणि "थांब" एवढंच सांगायचं असतं. लाइट गेली की रिपीटरही जाईल म्हणून त्याला इन्व्हर्टरवर घ्यायचा बेत मी बराच वेळ रंगवला. मग आप्पांनी विचारलं, "अगो, लाइट नसताना पंप कशावर लावणार आहेस?"

एक मात्र त्यातून सुचलं. लाइट आल्यावर रिलेने काय करायचं, हे त्याच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. ते आधी "बंद" करून ठेवा. आमच्याकडे एकदा रात्री दोनला लाइट आली आणि पंप आपोआप सुरू झाला. सकाळी टाकीखाली तळं.

डिसेंबर ते मे, कॅलेंडरवर बरोबरच्या खुणांची रांग. मी ऑफिसात फुशारकी मारून घेतली. जून उजाडला आणि फुल्या सुरू झाल्या. ज्या पावसाळ्यासाठी हे सगळं केलं, त्याच पावसाळ्यात आप्पा पुन्हा छत्री घेऊन विहिरीवर.

मी पुण्याहून रिपीटर रीस्टार्ट करायला लावते आहे, चॅनल, म्हणजे त्या २.४ च्या पट्ट्यातली गल्ली, बदलते आहे. चॅनलचं वेड मला पुण्याच्या फ्लॅटने लावलेलं. तिथे माझ्या खोलीत बसून शेजाऱ्यांचे तेवीस वायफाय दिसतात. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि बाकी सगळे धक्काबुक्की करणारे. तिथे माझे दारा-खिडक्यांचे सेन्सर झिगबीचे आहेत. झिगबी म्हणजे अशा छोट्या यंत्रांची वायफायसारखीच बिनतारी भाषा. झिगबीही त्याच पट्ट्यात, फक्त तिची चॅनल ११ ते २६ अशी वेगळ्या आकड्यांनी मोजतात. वायफायचं ११ आणि झिगबीचं ११ यांचा एकमेकांशी संबंध नाही. झिगबीचं ११ तर वायफायच्या १ च्या हद्दीत येतं. मी वायफाय १ वर बांधलं, झिगबी २५ वर नेलं आणि निम्मी भांडणं मिटली. उरलेली एका मीटरभर यूएसबी एक्स्टेंशनने मिटली. झिगबीचा डाँगल, म्हणजे सेन्सरचे निरोप ऐकणारी यूएसबी काडी, मी छोट्या कॉम्प्युटरला थेट खोचला होता, शेजारीच यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ चालू असताना नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते. कानाशी मिक्सर लावून दुसऱ्या खोलीतलं ऐकायचं, अशी त्या डाँगलची अवस्था होती. तरी हॉलमधला सेन्सर रोज रात्री दहाला गायब व्हायचा. झिगबीत विजेवर चालणारे दिवे एकमेकांचे निरोप पुढे नेतात, आणि सासूबाई झोपायला जाताना पॅसेजचा दिवा भिंतीवरच्या बटणाने बंद करतात. निरोप्याच झोपवला तर निरोप कसा जाणार? सासूबाईंची चाळीस वर्षांची सवय मी मोडणार नव्हते. पॅसेजमध्ये कोणाच्या हाताला न लागेल असा एक स्मार्ट प्लग लावला, झालं.

पण कोकणात हे काहीच लागू नव्हतं. आमच्या घरातून शेजाऱ्याचं वायफाय दिसतच नाही. चॅनल कुठलंही ठेवा, मैदान मोकळं.

गणपतीला गेले तेव्हा आरास चालू असताना कॅलेंडर खाली काढून घेतलं. पंपाच्या फुल्या एका कागदावर उतरवल्या आणि त्यांच्यासमोर, आप्पा त्याच चौकोनात "पाऊस जोरात", "उघडीप", "झड" असं लिहितात, तेही उतरवलं. दोन खाती जुळवायचं काम माझ्या हाताला सवयीचं. जून-जुलैमधल्या एकोणीस फुल्यांपैकी सतरा झडीच्या दिवसांवर, किंवा झडीनंतरच्या एक-दोन दिवसांवर. पाऊस थांबल्यावरही! म्हणजे हवेतल्या पावसाने अडत नव्हतं. काहीतरी भिजून राहत होतं.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला हात लावला. पश्चिमेची भिंत, बाहेरून गिलावा नाही, पावसाचा सगळा मारा तिच्यावर. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाणी पितो आणि लवकर सोडत नाही. हाताला गार ओल लागली. २.४ च्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. मे महिन्यात ती भिंत दगडाची होती, जुलैमध्ये ती म्हणजे उभं केलेलं सव्वा फुटी डबकं होतं. आणि माझा रिपीटर तिच्या आत बसून बाहेरच्या पंपाशी बोलू पाहत होता. वर वाटेत केळीचा बन, त्याची हातभर रुंद ओली पानं.

"केळी तोडायच्या नाहीत हां," आप्पा आधीच म्हणाले.

म्हणून भिंतच ओलांडायची ठरवली. पूर्वी लँडलाइनचा फोन होता तेव्हाचं वायरीचं भोक मागच्या भिंतीत अजून होतं, मातीने बुजलेलं. ओटीवरच्या राउटरपासून माळ्यावरून २२ मीटर लॅन केबल नेली, त्या भोकातून बाहेर काढली, आणि पाख्याखाली, पागोळ्यांपासून आत, बाहेर लावायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलच्या टोकाला वायफाय पसरवणारा डबा, बसवला. त्याला वीजही त्याच केबलमधून जाते, त्यामुळे पावसात प्लग नाही. अँटेना सरळ उभी ठेवली. उभ्या अँटेनाचा सिग्नल चहूबाजूंना आडवा पसरतो, तिच्या टोकाच्या दिशेने जवळजवळ जातच नाही. अनेकजण ती नेम धरल्यासारखी यंत्राकडे रोखतात, ते उलटं होतं.

वायरमन वर शिडीवर, तोंडात खिळे. म्हणाला, "शेवटी वायरच ओढायची होती तर मग विहिरीपर्यंतच नेऊ की."

नेता आली असती, लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. पण आगरातून तांब्याची तार न्यायची म्हणजे परतीच्या पावसातल्या विजांना घरात यायला आमंत्रण. शिवाय पोफळींची मुळं खणावी लागली असती, आणि त्याला आप्पांची परवानगी मिळण्यापेक्षा केळी तोडायची मिळाली असती.

एक काम उरलं. रिलेचा डबा विहिरीपाशी गुडघ्याच्या उंचीवर होता, गवतात. तो खांबावर डोक्याच्या वर नेला आणि रिलेच्या जागी बाहेरची अँटेना जोडता येणारा बोर्ड घातला. नुसत्या उंचीने ७ डेसिबल मिळाले, मधल्या केळीच्या पानांच्या वरून जरा वाट मोकळी झाली असावी. विसर्जनाच्या आदल्या दिवशी धो-धो पाऊस चालू असताना रिले स्वतः सांगत होता: उणे ६९.

तीनेक मीटर केबल उरली, ती आईने कपडे वाळत घालायला बांधली.

आप्पांनी फुल्या-खुणा आता सोडल्या. त्यांना फोनवर रिलेचा आकडा कुठे दिसतो ते दाखवलं, तेव्हापासून ते तो आकडाच लिहितात, उण्याचं चिन्ह न लावता. परवा रात्री साडेनऊला फोन आला. मला वाटलं, काही झालं की काय.

"आज पंचाहत्तर आहे," आप्पा म्हणाले. "दुपारपासून विजा चमकतायत. तुझ्याकडे लिहून ठेव."