फळा न दिसणारी पोरं

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत द्या असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा वाटलं आपण काय लिहिणार, आपल्या बॅचमध्ये तहसीलदार आहे, दोन डॉक्टर आहेत, पुण्यात आयटीवाले आहेत, आणि मी ऑप्टोमेट्रिस्ट. गावात निम्म्या लोकांना अजून वाटतं माझं चष्म्याचं दुकान आहे. आई सगळ्यांना डोळ्याचा डॉक्टर म्हणून सांगते, मी म्हणतो अगं मी ऑपरेशन करत नाही, नंबर काढतो, डोळा तपासतो, काही गडबड दिसली की डॉक्टरांकडे पाठवतो, तर ती म्हणते तेच की मग!

आपली शाळा १९७६ ची. त्याच वर्षी देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी मदुराईत डॉ. व्यंकटस्वामींनी रिटायर झाल्यावर ११ खाटांचं अरविंद हॉस्पिटल काढलं. योगायोगच, पण मला भारी वाटतं. पुढे अरविंदनं गावोगावी व्हिजन सेंटर काढली, म्हणजे गावात तपासणारा माणूस बसणार आणि डॉक्टर शहरातून व्हिडिओवर बघणार. मी आज आपल्या भागात जे करतो ते थोडंफार तसंच आहे.

बारावीनंतर एका सिनियरकडून या कोर्सचं कळलं, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिथं पहिल्यांदा रेटिनोस्कोप हातात घेतला. अंधाऱ्या खोलीत समोरच्याच्या बाहुलीत लालसर उजेड दिसतो, आपण रेटिनोस्कोपमधली उजेडाची पट्टी हलवली की तो उजेड आपल्या सोबत सरकतो का उलटा पळतो यावरून नंबरचा अंदाज येतो, पेशंटनं एक शब्द बोलायची गरज नाही, त्यामुळे दोन वर्षांच्या लेकराचाही नंबर काढता येतो. आणि दहावीत सायन्सच्या सरांनी घोकून घेतलेलं "भिंगाची शक्ती म्हणजे एक भागिले मीटरमधलं नाभीय अंतर" अचानक कामाला आलं. मायनस तीन नंबरच्या पोराला चष्म्याशिवाय साधारण ३३ सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. म्हणजे वही दिसते, फळा धूसर. मग ते पोरगं शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितं आणि मार खातं. आपल्या वर्गात असे किमान दोघं तिघं होते हे मला आता कळतं, नावं घेत नाही, ग्रुपवर आहेत, दोघांना आता जाड चष्मे आहेत 😄

मुलाला स्वतःला कळतच नाही की आपल्याला कमी दिसतंय, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसत असणार. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर अजून अवघड, चांगल्या डोळ्यावर सगळं भागतं आणि मेंदू दुसऱ्या डोळ्याकडे लक्षच देत नाही, त्याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. सात आठ वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टी झाली तर चांगला सुधारतो, नंतर फार कष्ट पडतात. म्हणून घरी एकदा तरी लेकराचा एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा.

आपल्या बीड जिल्ह्याचं वेगळंच दुखणं आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा बायकोचा कोयता कारखान्यावर जातो आणि बरीच पोरं सोबत जातात. शाळेत तपासणी झाली, यादी झाली, आणि चष्मे आले तेव्हा पोरगं कोल्हापूरकडं फडात. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता तपासणी जुलै ऑगस्टमध्येच घ्या म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे लागतो, आणि चष्मा पोरगं गावात असतानाच हातात दिला पाहिजे, नाहीतर त्या कॅम्पचा फक्त फोटो राहतो.

फडातलंच अजून एक. उसाचं पान बुबुळाला लागलं तर ती जखम साधी समजू नका. त्यात बुरशी शिरते, डोळा लाल होतो, आणि मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइडचे ड्रॉप आणून टाकले की दोन दिवस बरं वाटतं पण आत बुरशी अजून वाढते, शेवटी बुबुळावर फूल पडतं आणि नजर जाते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं, मजुरी बुडाली तरी.

बायकांचं काय सांगू. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होणारच, पण मावशी म्हणतात मला कुठं वाचायचंय, चष्मा कशाला? मी वाद घालत नाही, प्लस दोनचा चष्मा लावतो आणि सुई दोरा हातात देतो. दोरा गेला की त्या स्वतःच विचारतात केवढ्याला आहे. पोरींच्या बाबतीत मात्र माझं डोकं फिरतं, मायनस चार नंबर असतो आणि घरचे म्हणतात चष्मा लावला तर लग्न कसं जमायचं, पोरगी बिचारी चष्मा दप्तरात ठेवते. अशा वेळी मी फ्रेम पोरीलाच निवडायला देतो, आवडीची असली की ती लावते, बापाशी नंतर बोलता येतं.

म्हाताऱ्यांना एवढंच सांगतो की मोतीबिंदू "पिकायची" वाट बघू नका, आता तसं लागत नाही, उलट फार पिकला तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. २०१५ ते १९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वात सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळेच निघालं, म्हणजे ज्याचा इलाज आहे त्यानंच माणसं आंधळी बसलीत.

तर महोत्सवाच्या आदल्या दिवशी मी अक्षरांचा तक्ता आणि ट्रायल बॉक्स, म्हणजे नंबर काढायच्या भिंगांची पेटी, घेऊन येतोय, पाचवी ते सातवीची सगळी पोरं तपासायची आहेत. मला ग्राउंडकडची लांब खोली द्या, तक्त्यापासून सहा मीटर सरळ अंतर लागतं, आणि फळ्यावर ऊन येत असेल तर खिडकीला काहीतरी लावून ठेवा. आपल्या बॅचवाल्यांनीही यावं, मेसेज वाचताना मोबाईल किती लांब धरता ते मला व्हिडिओ कॉलवर दिसतं.