कावीळ झालेली लेन्स

सासूबाईंनी लेन्स डोळ्याशी धरली, खिडकीकडे बघितलं आणि निकाल देऊन टाकला, "ह्याला तर कावीळ झालीय गं."

त्यांचं निदान बरोबर होतं. काच चहाच्या फिक्या पाण्यासारखी पिवळी पडली होती. पांढऱ्या कागदावर धरली की कागद जुना वाटायचा. मी मात्र ती घेतली तेव्हा हा पिवळेपणा बघूनच घेतली होती, आणि भावही त्याच्याच जोरावर पाडला होता.

लेन्स म्हणजे सुपर टाकुमार, ५० मिमी, एफ १.४. (एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाश आत घेणारं छिद्र मोठं.) जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीची, म्हणजे जे लोक पेंटॅक्स कॅमेरे बनवायचे त्यांची. नांदेडला वजिराबादेत एक जुना स्टुडिओ बंद होत होता. मालक साठी ओलांडलेले, मुलगा पुण्याला नोकरीला. मी गेले होते भाचीच्या साखरपुड्याच्या खरेदीला, आणि काचेच्या कपाटात धूळ खात बसलेल्या चार लेन्स बघून पाय तिथेच थबकले. मालक म्हणाले, "मॅडम, रोल मिळंना आता. ह्यांचं काय करता?" मी म्हटलं, माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला लावते. त्यांचा विश्वास बसला नाही. हसले आणि कपाटाचं कुलूप काढून दिलं.

जुनी लेन्स बघायची माझी पद्धत सोपी आहे. मोबाइलची बॅटरी लावायची, लेन्सच्या मागून उजेड टाकायचा आणि पुढून तिरकं बघायचं. धुळीचे कण दिसतात, त्यांची चिंता करायची नाही, फोटोत येत नाहीत. बारीक ओरखडेही बहुतेक वेळा चालतात. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरलेले दिसले तर ती बुरशी, आणि बुरशीची लेन्स फुकट मिळाली तरी घरात आणायची नाही. चारांपैकी एका झूम लेन्समध्ये असं जाळं होतं, एकाची रिंग दगडासारखी घट्ट झाली होती. उरल्या दोन. टाकुमार आणि एक रशियन हेलिओस ४४-२. दोन्हींचे मिळून पाच हजार दिले. घरी अडीच सांगितले.

आता ह्या लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर बसतातच कशा, हे मला स्टाफरूममध्ये इतक्या वेळा विचारलं गेलंय की इथे एकदाच लिहून टाकते. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे थोडं सहन करा.

प्रत्येक लेन्स ठरावीक अंतरावर प्रतिमा पाडायला बनवलेली असते. ह्या दोन्ही लेन्स एम ४२ जातीच्या. मागे ४२ मिमी व्यासाचे आटे असतात, बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. बसल्यावर तिच्या टेकण्याच्या कडेपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी असायला हवं. जुन्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा असायचा, म्हणून इतकी जागा सोडलेली. माझा कॅमेरा सोनी ए ६०००, त्यात आरसा नाही, आणि तिथे हे अंतर फक्त १८ मिमी आहे. म्हणजे उरले २७.४६ मिमी. अडॅप्टर म्हणजे तेवढ्या लांबीची आतून काळी केलेली रिकामी नळी. काच नाही, वायर नाही, काही नाही. स्वयंपाकघरातल्या तिवईसारखं त्याचं काम: भांडं योग्य उंचीवर धरायचं.

हेच माझ्या दिराच्या निकॉन डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर, जमत नाही. त्याच्याकडे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्सला हवंय त्यापेक्षा एक मिलिमीटर जास्तच. साधी रिंग लावली तर जवळचं स्पष्ट दिसतं, लांबचं डोंगर-झाड कायम धूसर. मग अडॅप्टरमध्ये एक भिंग घालावं लागतं, आणि स्वस्तातलं भिंग फोटोचा कस घालवतं. दीर अजून मानत नाही. त्याला वाटतं माझ्या कॅमेऱ्यात काहीतरी जास्तीचं आहे. जास्तीचं नाही भाऊजी, आरसा कमी आहे!

अडॅप्टर मी नऊशेला ऑनलाइन मागवला. आला तो असा की लेन्स पूर्ण आवळल्यावर तिच्यावरची खूण वर यायच्या ऐवजी उजव्या कुशीवर झोपली. मोजमाप बघायला मान वाकडी करावी लागायची. अडॅप्टरच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल करून आतली रिंग फिरवली की खूण वर येते. चष्मेवाल्याकडचा पेचकस लागतो. आमच्या कॉलनीतल्या चष्मेवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण लेन्समधून दहा मिनिटं रस्ता बघत बसला.

कॅमेऱ्यात एक सेटिंगही बदलावं लागतं. ह्या लेन्सला विजेचे ठिपके नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही आणि तो शटर उडवायला नकार देतो. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू केलं की मुकाट्याने काम करतो. पहिल्या संध्याकाळी मला हे माहीत नव्हतं. तासभर बटण दाबत बसले आणि स्टुडिओवाल्या काकांना मनातल्या मनात बरंच काही बोलले. ते शब्द परत घेते.

तर कावीळ.

त्या काळात काही लेन्सच्या काचेत थोरियम ऑक्साइड घालायचे. त्याने काच प्रकाश जास्त वाकवते आणि रंग मात्र फार फाकत नाहीत, म्हणजे मोठं छिद्र असलेली लेन्स बनवणं सोपं. पण थोरियम किरणोत्सारी. वर्षानुवर्षं त्याचे किरण काचेतल्या इलेक्ट्रॉनांना जागचे हलवतात, ते काचेतल्या दोषांमध्ये अडकून बसतात आणि निळा प्रकाश खायला लागतात. निळा गेला की उरतो पिवळा. थोरियमचं अर्धायुष्य आहे १,४०५ कोटी वर्षं, त्यामुळे तो संपेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. घाबरण्यातही नाही. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढायला काही होत नाही, फक्त ती काच फोडायची-घासायची नाही आणि उशाशी घेऊन झोपायचं नाही. हे शेवटचं मी घरात सांगितल्यावर ह्यांनी लेन्सचा डबा बेडरूममधून हॉलमध्ये नेऊन ठेवला.

उपाय आहे अतिनील किरण. ते अडकलेल्या इलेक्ट्रॉनांना मोकळं करतात. थंड देशातले लोक ह्यासाठी खास दिवे विकत आणतात म्हणे. मी परभणीत राहते. मे महिन्यात आमच्या गच्चीवर पारा ४३ च्या पुढे असतो, चप्पल विसरलं तर तळपाय भाजतात. आम्ही दिवे विकत आणायचे?

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या कुरडया चालल्या होत्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे चारला शिजवून, सोऱ्याने पाडलेल्या. गच्चीभर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा. एका कोपऱ्यात मी माझं वाळवण मांडलं. पिवळी काच लेन्सच्या मागच्या भागात असते, म्हणून मागची बाजू आभाळाकडे केली, झाकणं काढली, छिद्र पूर्ण उघडलं. खालून हवा खेळावी म्हणून शहाबादी फरशीच्या दोन तुकड्यांवर ठेवली. सासूबाई कावळे हाकायला बसल्या होत्या. "काय वाळू घालायलीस गं?" म्हटलं, आई, कावीळ उतरवते. "बरं. तळायला दे मग."

साडेबारा वाजता वर गेले तर करपल्याचा वास.

मे महिन्याच्या मध्यात आमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर. मी दरवर्षी मुलांना हे सांगते, सरळ उभी बाटली ठेवायला लावते. आणि त्याच दिवसांत मी एक भलं मोठं बहिर्गोल भिंग आभाळाकडे तोंड करून, साडीपासून इंचभर वर, बरोबर उभं मांडून खाली झोपायला गेले होते. जांभळ्या सुती साडीला चवलीएवढं भोक पडलं होतं, कडा तपकिरी, मधून गच्ची दिसत होती. कुरडया वाचल्या. हे वर आले, भोक बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, हे भिंग आठवीलाच शिकवतात ना?"

दुसऱ्या दिवसापासून लेन्स स्टीलच्या ताटलीत गेली, खाली पोळ्या गुंडाळायची चकचकीत फॉइल. वेळही बदलली: सकाळी आठ ते साडेदहा, दुपारी चार ते साडेपाच. भर दुपारच्या उन्हाचा मोह टाळला तो फक्त साडीमुळे नाही. लेन्सच्या रिंगेत घट्ट वंगण असतं. ते फार तापलं की पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरतं, पाती तेलकट होऊन चिकटतात. मग दुरुस्तीला मुंबई-पुण्याला पाठवा, आणि तिथून परत येईल तेव्हा खरं.

रोज संध्याकाळी साडेपाच वाजता त्याच भिंतीवरच्या त्याच पांढऱ्या कागदाचा फोटो घ्यायचे, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा रंग जुळवतो ते सेटिंग, उन्हावर पक्का करून. ऑटोवर ठेवला तर कॅमेरा स्वतःच पिवळा झाकतो आणि आपल्याला वाटतं लेन्स बरी झाली. पहिले चार दिवस काहीच फरक नाही. आठव्या दिवशी जरासा. एकविसाव्या दिवशी कागद कागदासारखा दिसला. सुरुवातीला ज्या उजेडात शटर १/१२५ सेकंद उघडं ठेवावं लागत होतं तिथे आता १/२०० सेकंदात तेवढाच उजळ फोटो. म्हणजे कावीळ नुसता रंग बिघडवत नव्हती, प्रकाशही खात होती.

हेलिओसबद्दल थोडक्यात. तिचा आराखडा मूळ जर्मनीचा, त्सायस कंपनीच्या बायोटार लेन्सचा. युद्धानंतर तो सोव्हिएत रशियात गेला, झेनिट कॅमेऱ्यांसोबत भरमसाट निघाला आणि त्यातली एक नांदेडमार्गे माझ्याकडे आली. आमच्याकडे म्हणतातच, जगात जर्मनी अन् भारतात परभणी. तिच्या गोल गोल फिरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी लोक वेडे झालेत. खरं सांगू? माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी असलेली चिप, जुन्या फिल्मपेक्षा लहान, तो मधला भागच घेतो, आणि भोवरा असतो कडेला. लिंबाच्या झाडापुढे माणूस उभा केला तर थोडी पानं फिरतात, बस्स. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. टाकुमारच्या रिंगेवर हात ठेवला की मात्र मला दुसरं काही नको असतं. तुपातून बोट फिरावं तशी ती फिरते.

फोकसचं शिकायला वेळ लागला. कॅमेरा स्पष्ट असलेल्या कडांवर लाल रेघा दाखवतो, नवशिके त्यावर विसंबतात, मीही विसंबले. एफ १.४ वर त्या रेघा सरळ खोटं बोलतात: पापणी, भुवई, कपाळावरची टिकली, सगळंच लाल. म्हणून आधी चित्र मोठं करून डोळ्याची बाहुली बघायची, श्वास रोखायचा आणि मग बटण. कॉलेजच्या कबड्डीला ही लेन्स नेली होती. ९० फोटोंत एक बरा आला, तो पंचांचा, कारण ते हलत नव्हते.

फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात मात्र ती फुलली. आकाशपाळण्याचे दिवे मागे विरघळून मोठे गोळे झाले, पुढे भज्यांच्या कढईच्या उजेडात एका पोराचा चेहरा, नाकावरच्या घामासकट. पहिला तासभर मात्र वाया गेला होता. एफ ४ ला लावते, एफ ८ ला लावते, फोटो सगळे सारखेच. लेन्सवर एक छोटं बटण असतं, ए (ऑटो) आणि एम (मॅन्युअल). ते ए वर होतं, आणि माझ्या अडॅप्टरवर ए म्हणजे छिद्र कायम सताड उघडं, रिंग कितीही फिरवा. कॅमेऱ्यालाही छिद्राचा आकडा कळत नाही, त्यामुळे नंतर फोटोच्या माहितीत बघायची सोय नाही. आता पर्समध्ये छोटी वही असते. किराण्याची यादी आणि एफ नंबर, एकाच पानावर.

ह्या दिवाळीनंतर सासूबाईंनी वाकळ शिवायला काढली. जांभळी साडी तिच्यात गेली, भोकावर हिरव्या खणाचं ठिगळ लावून. ठिगळाभोवतीचे धावदोऱ्याचे टाके इतके बारीक होते की मी कॅमेरा घेऊन आले. टाकुमार ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. तेवढं वाकले, रिंग टोकाला नेली, एकेक टाका मोठा करून बघायला लागले.

सासूबाईंनी सुई थांबवली. "भोकाचा काय फोटू काढायलीस? माझा काढ की." आणि पदर सारखा करून बसल्या.