झेडझेड फोल्डर

आज रविवार. मेगाब्लॉक, त्यात सकाळपासून पाऊस, म्हणजे कुठे जायचा प्रश्नच नव्हता, मग काय, हिने मला माळ्यावर चढवलं. गणपतीला दहा दिवस राहिलेत, मखराचं सामान काढायचं होतं. मखर राहिलं बाजूला आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला माझा एमपीथ्री सीडी प्लेअर हाताला लागला. चिरंजीव खाली स्टूल धरून उभे होते, म्हणाले बाबा हा डबा कसला, पोळ्यांचा का. वय चौदा, त्याची काही चूक नाही, आकार तसाच आहे.

२००३ मध्ये लॅमिंग्टन रोडवर घेतला होता, अर्धा तास घासाघीस करून २४०० ला. नोकरीचं पहिलंच वर्ष. आयपॉड २००१ मध्येच आला होता, पण ३९९ डॉलर म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार, त्यामुळे तो फक्त पेपरात बघायचा. आणि साधा सीडी वॉकमन घ्यायचा तर एका सीडीत ऐंशी मिनिटं, पंधरा-सोळा गाणी, संपलं. ह्याच्यात तीच ७०० एमबीची सीडी पण १२८ केबीपीएसची एमपीथ्री, म्हणजे दाबून लहान केलेल्या गाण्यांच्या फाइली, भरल्या की जवळपास बारा तास. मिनिटाला साधारण एक एमबी, हा हिशोब तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर असायचा. विक्रोळी ते व्हीटी स्लोने पाऊण तास (फास्ट विक्रोळीला थांबत नाही, हे दुःख वेगळंच), जाऊन येऊन दीड, म्हणजे एक सीडी आठवडाभर पुरायची आणि वर शिल्लक राहायची.

उघडला तर आत पेन्सिल सेल फुटून पांढरट-हिरवं काहीतरी जमलेलं. सेल काढून ठेवायला पाहिजे होते, कोणी ठेवले तसेच, मीच. जुन्या टूथब्रशला लिंबू लावून स्प्रिंग घासल्या, कोरड्या केल्या, मग इअरबडने लेन्स हलकेच पुसली. नवे सेल घातले आणि प्ले दाबलं तर स्क्रीनवर हॅलो! कोणाला खरं वाटणार नाही पण मला जरा भरूनच आलं.

सीडी फिरली, घर्रर्र, आणि मग बंद. मला वाटलं गेला. पण नाही, गाणं चालूच. मग आठवलं, हा असाच होता. एमपीथ्री लावली की हा थोडा वेळ सीडी फिरवतो, पुढचं दीड-दोन मिनिटांचं गाणं मेमरीत भरून घेतो आणि सीडी थांबवतो, मेमरी रिकामी होत आली की परत फिरवतो. खोक्यावर लिहिलेलं होतं, ऑडिओ सीडीला ४० सेकंद आणि एमपीथ्रीला १२० सेकंद ईएसपी, म्हणजे हिसके बसले तरी तेवढा वेळ गाणं तुटणार नाही. ऑफिसातला एक सीनियर साधा सीडी वॉकमन वापरायचा, कुर्ल्याला रूळ बदलताना गाडी हिसके द्यायला लागली की त्याचं गाणं तुटायचं आणि तो बिचारा वॉकमन तळहातावर ताटासारखा सपाट धरून उभा. माझा बॅगेत आडवातिडवा, शेजारच्याच्या कोपराखाली, तरी गाणं चालू. मोटर सारखी फिरत नाही म्हणून सेलपण जास्त चालायचे. २००५ च्या २६ जुलैच्या पुरात हा माझ्याबरोबर फोर्टहून घरापर्यंत चालत आला, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, मी गळ्यापर्यंत भिजलेलो आणि ह्याला थेंब नाही.

चिरंजीवांना तेवढ्यात ज्ञान द्यायचा मूड आला मला. त्याने विचारलं होतं की मोठी फाइल इतकी छोटी होते कशी, मग आवाज जातो कुठे. म्हटलं, विक्रोळीच्या प्लॅटफॉर्मवर आपण बोलत उभे असतो आणि बाजूच्या लाइनवरून फास्ट धडधडत जाते, तेव्हा तू काय बोलतोस ते मला ऐकू येतं का? नाही. मग तेवढ्या वेळाचं तुझं बोलणं लिहूनच ठेवलं नाही तर माझं काय बिघडलं. मोठ्या आवाजाखाली दबलेलं, कानाला तसंही न कळणारं असं शोधून टाकून द्यायचं आणि उरलेलं घट्ट बांधायचं. जर्मनीत फ्राउनहोफर नावाच्या संस्थेत ह्यावर वर्षानुवर्षं काम झालं, फाइलच्या शेवटचं ते डॉट एमपीथ्री नाव १९९५ च्या जुलैत ठरलं. तो म्हणाला पण मी महत्त्वाचं बोलत असलो तर? म्हटलं, जा, मखराचे खांब पूस.

तर सीडी. प्लेअरमध्ये जी होती ती माझी आवडती, मार्करने वर फक्त "मिक्स ४" लिहिलेलं. कन्नमवार नगरातल्या सायबर कॅफेत चाळीस रुपये देऊन नीरो नावाच्या सॉफ्टवेअरवर बर्न केलेली. तेव्हाच्या भानगडी आठवल्या. पहिल्या सीडीत गाण्यांना १, २, ३ असे नंबर दिले तर प्लेअर वाजवायचा १, १०, ११, १२ आणि मग कधीतरी २. मग ०१, ०२ असं लिहायला शिकलो. नाव मराठीत लिहिलं तर स्क्रीनवर नुसत्या चौकटी. आणि सगळं अक्षरांच्या क्रमाने, फोल्डरसुद्धा.

म्हणून अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गाण्यांच्या फोल्डरला मी नाव दिलं होतं झेडझेड. म्हणजे सगळ्यात शेवटी. माझी गाणी चालू असताना मध्येच नाट्यसंगीत नको म्हणून. तेवीस वर्षांचा होतो, काय सांगू.

ही अण्णांची गाणी बाजारातली नव्हती. अण्णा गोदीत होते, ड्युटी नसेल तेव्हा आकाशवाणी मुंबई ब लावून टू-इन-वनवर कॅसेट भरायचे. नाट्यगीतं, अभंग, मध्येच निवेदिकेचा आवाज, एका ठिकाणी आमच्या जुन्या खोलीतल्या कुकरची शिट्टी. एका मित्राने त्या कॅसेट कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावून एमपीथ्री करून दिल्या. टेपची खरखर एमपीथ्रीला झेपत नाही, पेटीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा यायचा, पण अण्णा खूश. आणि मी काय केलं, आता सीडीत आलंय ना सगळं, म्हणून कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. पिशवीभर.

अण्णा रिटायर झाल्यावर प्लेअर दुपारी त्यांच्याकडेच असायचा, मी तोपर्यंत मोबाइलवर गेलो होतो. गॅलरीत खुर्चीत बसून ऐकायचे. मी एकदा दाखवलं होतं, हे बटण दाबून धरलं की पुढचा फोल्डर येतो. हो हो म्हणाले. मला वाटायचं ऐकत असतील त्यांची नाट्यगीतं.

आज गाणं लागलं, पहिलंच, माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं एक धांगडधिंगा हिंदी, स्पीकरला वायर जोडून मोठ्याने लावलं तर आई आतून म्हणाली, "अरे हे तर ह्यांचं गाणं."

म्हटलं, ह्यांचं कसं, हे माझं.

"नाही रे, हेच तर लागायचं रोज दुपारी. ह्यांना पाठ झालं होतं. बटणं दाबायला भ्यायचे ते, तुझी वस्तू बिघडेल म्हणून. म्हणायचे, शेवटी आहेत माझी, येतील."

मी ऐकून गप्पच झालो. ह्या प्लेअरला बंद केल्यावर कुठे थांबलो होतो ते लक्षात राहत नाही. बंद करून चालू केला की परत पहिल्यापासून. माझी गाणी साधारण दहा तासांची आहेत. अण्णा दुपारी दोन तास बसायचे, मग चहा.

मग मी ते बटण दाबून धरून झेडझेडला गेलो. १२१ वं गाणं. रीडिंग, रीडिंग, सीडी फिरते, थांबते, परत फिरते, आणि प्लेअर आपला परत १ वर. असं तीनदा. सीडी काढून ट्यूबलाइटसमोर धरली तर कडेने बारीक बारीक भोकं दिसली, प्रकाश आरपार, आणि एका जागी वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलेला. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. पहिली गाणी मधल्या भोकाजवळ, शेवटची कडेला. आपण सगळे खालची चकचकीत बाजू जपतो, पण कॉपी केलेल्या सीडीत डेटाचा थर असतो लेबलच्या लगेच खाली, वरून खरवडलं, दमट हवेत थर सुटला की तिथलं गेलंच. आमच्या माळ्यावर चार महिने भिंतीला ओल असते.

माझी शंभर-सव्वाशे फालतू गाणी मात्र एकदम ठणठणीत.

संध्याकाळी परत लावून बघितलं. १२४ लागलं. निवेदिका काहीतरी बोलते, "...सादर करीत आहेत", कोण ते तुटलं, मग पेटीचे दोन-तीन सूर, आणि परत १. आईला हाक मारली, ती पदराला हात पुसत आली, म्हणाली परत लाव. परत लावलं. चौथ्या वेळी नाही लागलं.

प्लेअरची लेन्स म्हातारी झालीये, कॉम्प्युटरचा ड्राइव्ह कदाचित जास्त वाचेल, पुन्हा पुन्हा वाचत बसणारी सॉफ्टवेअर असतात त्याला. घरातल्या एकाही लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जुना डबा कॉम्प्युटर आहे, त्याला फोन केला तर म्हणाला आहे ड्राइव्ह पण त्यात दहा वर्षं काही घातलं नाही, उद्या नऊनंतर या. सेल काढून ठेवलेत ह्या वेळी. सीडी दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये घालून कपाटात, सपाट. मखराचे अर्धे खांब अजून माळ्यावरच आहेत.