"आम्हाला तर नीट दिसतंय"

आमच्या पतसंस्थेचा वार्षिक अहवाल गेली सहा वर्षं मीच करते. यंदा एका सभासदांचा फोन आला. निवृत्त शिक्षक आहेत, दृष्टी पूर्ण गेलेली. म्हणाले, "मॅडम, दरवर्षी सून वाचून दाखवते. यंदा मला स्वतः वाचायचाय." लॅपटॉपवर ते एनव्हीडीए वापरतात, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. म्हटलं, पीडीएफ पाठवते सर.

प्रेसची फाइल उघडली तर एनव्हीडीए गप्प. सगळा मजकूर कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं. दुसरी फाइल मिळायला आठ दिवस गेले. मी सरांच्या घरी गेले. त्यांनी शीर्षकावर येऊन एकेक अक्षर ऐकवलं: व्ही, जी, ओ, के, वाय. मजकूर कृतिदेव या जुन्या फाँटमधला होता. पडद्यावर 'अहवाल' दिसतं, आत मात्र साठलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. युनिकोडच हवं, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठतात, हे सांगायला प्रेसमध्ये तीन फेऱ्या मारल्या. दर वेळी एकच उत्तर, "आम्हाला तर नीट दिसतंय." त्या 'दिसतंय'चा राग अजून गेलेला नाही. सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची, आणि इथे दिवस चाललेले.

शेवटी मजकूर मागून घेतला आणि स्वतः कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते आणि रफार नंतर, त्यामुळे 'वार्षिक'सारखे शब्द फुटले. दोन रात्री बसून 32 पानं ओळ न् ओळ तपासली.

वर्डमधलं काम त्यामानाने एका दुपारचं. मथळे नुसते ठळक करू नका, हेडिंग स्टाइल द्या. सर मथळ्यांवरूनच उड्या मारत जातात. ताळेबंदाच्या तक्त्यात चौकटी (सेल) एकमेकींत जोडू नका आणि वरची ओळ हेडर म्हणून नोंदवा, नाहीतर आकडा ऐकू येतो पण तो यंदाचा की गेल्या वर्षीचा ते कळत नाही. 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की ही सगळी रचना पुसली जाते, म्हणून 'सेव्ह अ‍ॅज'च करा. त्याआधी मजकुराची भाषा मराठी निवडलेली हवी.

ठेवींच्या आलेखाला मी आधी 'आलेख' एवढंच वर्णन दिलं होतं. सर म्हणाले, "आलेख आहे हे कळलं, पण ठेवी वाढल्या का?" मग ठेवी वाढल्या की नाही, तेच एका वाक्यात लिहिलं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. सहा वर्षांत मी त्यातल्या एकाचाही विचार केला नव्हता, याची खंत वाटते. आता तोटा नुसत्या लाल रंगात दाखवत नाही, आकड्याआधी 'तोटा' असा शब्द लिहिते. पिवळ्यावर फिकट राखाडी अक्षरंही बंद केली. अक्षरं आणि मागचा रंग यांत निदान 4.5 ला 1 एवढा उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) लागतो.

सभेच्या चार दिवस आधी सरांचा फोन आला. पान 11 वरची संशयित कर्जांची तरतूद का वाढली, असं विचारत होते. सांगताना मला फार बरं वाटलं.

आणि हो, प्रेसला ऑर्डर देतानाच 'मजकूर युनिकोडमध्ये' असं लेखी घ्या. मी पुढच्या वर्षीचं आत्ताच घेऊन ठेवलंय.