हवेचा हिशेब

दोन ट्रकमालक भेटले, की एकमेकांची विचारपूस लवकर आटोपते आणि दोघांच्याही नजरा आपोआप खाली वळतात. माणसाचा चेहरा पाहून झालेला असतो, आता त्याच्या गाडीची चाके पाहायची असतात. बोलता बोलता एकजण दुसऱ्याच्या टायरच्या नक्षीत अंगठ्याचे नख घालतो, मान किंचित तिरपी करून चाकाच्या कडेने नजर फिरवतो आणि मग जो पहिला खरा प्रश्न विचारला जातो, तो बहुधा एकच असतो: "पुढे हवा किती ठेवता?"

माझ्याकडे एकच ट्रक आहे, त्यामुळे अशा गप्पांत मी बोलण्यापेक्षा ऐकतोच अधिक. सुरुवातीला मला वाटे, की ही माणसे इंजिनाच्या ताकदीविषयी, वेगाविषयी, अवघड घाटांविषयी बोलतील. तसे ती बोलतातही, पण घाईतल्या पाहुण्याने पाणी पिऊन उठावे तितकेच. मुक्काम असतो तो टायरवर. याचे कारण उमगायला मला काही काळ जावा लागला. इंजिन बनवणाऱ्याने बनवून दिलेले असते आणि त्यात मालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. टायरमधली हवा मात्र रोजच्या रोज मालकाची असते. ती कमी राहिली तरी दोष त्याचा आणि जास्त झाली तरी त्याचाच.

मराठीने हवेवर तसा अन्यायच केला आहे. डोक्यात हवा गेली म्हणजे माणूस बिघडला, हवेत बांधले ते मनोरे खोटे आणि कोणाची हवा काढून घेतली म्हणजे त्याची फजिती झाली. भाषेने जिला कायम पोकळ ठरवले, तीच हवा ट्रकखाली मात्र सर्वांत भक्कम वस्तू असते. टायरच्या बाजूला छापलेला मजकूर एकदा नीट वाचून पाहावा. '२९५/८० आर २२.५' असे लिहिलेले असेल, तर रुंदी २९५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, बांधणी रेडियल (आतल्या तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या घातलेल्या) आणि आत बसणाऱ्या डिस्कचा, म्हणजे लोखंडी चाकाचा, व्यास साडेबावीस इंच. त्याच्या पुढे '१५२/१४८' असा आकडा असेल, तर तो टायर एकटा असताना ३,५५० किलो आणि जोडीत, म्हणजे मागे शेजारीशेजारी दोन बसवतात तसा, असताना ३,१५० किलो वजन पेलू शकतो. हे वजन रबर पेलते असे आपल्याला वाटते, पण ते पेलते मुख्यतः आत दाबून भरलेली हवा. रबराचे आणि त्यातल्या पोलादी तारांचे काम त्या हवेला धरून ठेवण्याचे. हवा कमी झाली, की टायर तोच, आकडे तेच, पण पेलण्याची ताकद मात्र गेलेली असते.

जोडीत आल्यावर प्रत्येकाची क्षमता कमी का धरतात, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. उत्तर मिळाले, की जोडीत ओझे कधीच समसमान वाटले जात नाही आणि टायर बनवणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते. रस्ता मध्यभागी उंच असतो, एकात हवा थोडी कमी असते, एक नवा आणि दुसरा झिजलेला असतो. मग मोठ्या व्यासाचा टायर जास्त भार उचलतो आणि लहानाला आपल्याबरोबर फरफटत नेतो, कारण दोघांचा धुरा एकच असल्यामुळे दोघांना फेरे सारखेच घालावे लागतात. या आकाराच्या टायरचे किलोमीटरला तीनशेच्या आसपास फेरे होतात, म्हणजे एक लाख किलोमीटरला तीन कोटी. इतक्या फेऱ्यांत जो लहान आहे तो घासून घासून आणखी लहान होत जातो. हे सांगणाऱ्या गृहस्थांनी पुढे संसारावर एक वाक्य टाकले, ते मी येथे देत नाही.

चाकात हवा भरण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाची. त्याने १८४५ साली तिचे पेटंट घेतले आणि त्या चाकांना 'हवाई चाके' म्हटले. ती घोडागाड्यांना बसवूनही पाहिली गेली, पण त्या काळात तिची कोणाला फारशी गरज वाटली नाही. पुढे १८८७-८८ च्या सुमारास जॉन बॉइड डनलप याने मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी करण्यासाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली आणि या वेळी ती टिकली. आपण ज्याला सहज स्टेपनी म्हणतो, त्या शब्दाचा जन्मही गमतीचा आहे. वेल्समधील लानेल्ली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. तेथे १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेली, हवा भरलेली चाकाची एक जादा धाव, म्हणजे नुसती गोल कड, तयार केली, जी पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने आवळून बसवता येई. ती धाव केव्हाच इतिहासजमा झाली, पण त्या रस्त्याचे नाव मात्र आजही आपल्या ट्रकच्या पोटाखाली लटकत असते.

हवेच्या बाबतीत ट्रकमालकांत दोन पंथ आहेत: ठोकणारे आणि मोजणारे. ठोकणारे टॉमीने, म्हणजे लोखंडी दांडक्याने, टायरवर एक फटका मारतात आणि परत उसळलेल्या हाताच्या झटक्यावरून व आवाजावरून निर्णय देतात. मोजणारे गेज, म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे साधन, लावतात. मी बराच काळ ठोकणाऱ्यांत होतो, कारण त्यात हात खराब होत नाहीत आणि आपण जाणकार दिसतो. टॉमीच्या फटक्याने टायर साफ बसला आहे की नाही, एवढे नक्की कळते. दाब ११० पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंडांच्या) ऐवजी ९० आहे, हे कळत नाही. माझ्या मागच्या जोडीतला आतला टायर असाच कित्येक दिवस अर्धपोटी धावत होता. बाहेरचा टायर त्याला झाकून होता, वाकून आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हात घालण्याचा मला कंटाळा होता आणि टॉमीला त्याचा आवाज बरा वाटत होता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, जास्त वाकला की तापतो आणि तापत राहिला की त्याचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. एका दुपारी मोठा आवाज झाला आणि आरशात मला माझ्याच टायरचे वरचे रबर पट्ट्यापट्ट्यांनी रस्त्यावर मागे पडताना दिसले. सुदैवाने मागे कोणी नव्हते. त्या दिवशी मी पंथ बदलला.

मोजण्यातही शहाणपण लागते, हे नंतर कळले. हवा मोजावी ती टायर थंड असताना. बरेच अंतर कापून आलेल्या गाडीला गेज लावले, तर आकडा वाढलेला दिसतो आणि नवखा मालक घाईने वाढीव हवा सोडून देतो. टायर निवल्यावर तीच हवा कमी पडते. बाहेरचे तापमान दहा अंशांनी उतरले, तरी शंभराच्या घरातल्या दाबात चारेक पीएसआयची घट येते. आणि दाब ठरलेल्याच्या ८० टक्क्यांच्याही खाली गेलेला असताना टायर धावला असेल, तर त्यात नुसती हवा भरून पुढे निघू नये, तो उतरवून आतून तपासावा, असा जाणत्यांचा नियम आहे. आतल्या तारा वाकून वाकून थकलेल्या असतात आणि हवा भरतानाच बाजू चेन उघडावी तशी टरकन फाटू शकते. असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून मगच त्यात हवा भरतात आणि भरणारा बाजूला उभा राहतो. या एका गोष्टीवर बोलताना एरवी थट्टेखोर असलेली माणसेही आवाज खाली आणतात.

झीज वाचणे ही मात्र आनंदाची विद्या आहे. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी होती, मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड गेली असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत आहेत की नाही, ते पाहा. नक्षीवरून एका दिशेने हात फिरवल्यावर गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखे लागले, तर चाके सरळ चालण्याऐवजी किंचित तिरपी घासत आहेत. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग. एकदा एका वयस्क मालकाने माझ्या पुढच्या टायरवरून नुसता तळवा फिरवला आणि किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीत, ढिलाई असल्याचे सांगितले. ढिलाई होती. मला क्षणभर नाडीपरीक्षेची आठवण झाली.

नटबोल्टांबद्दल बोलणे थोडक्यात होते, कारण तेथे मतभेद नाहीत. नट समोरासमोरचे आवळत जावे, ओळीने नव्हे, आणि चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थांबून पुन्हा एकदा आवळावे. नटाच्या बुडापासून गंजाचा ओघळ उतरलेला दिसला, तर तो नट ढिला आहे असे समजावे. जुन्या ट्रकच्या डाव्या बाजूच्या नटांना कित्येकदा उलटे आटे असत आणि ते ठाऊक नसलेला माणूस नट सोडवतो आहे असे समजून जीव खाऊन तो आवळत बसे. ग्रीस, ऑइल, पाटे, यू-बोल्ट यांचीही अशीच धावती दखल घेतली जाते.

ब्रेकचा विषय निघाला, की गाडी पुन्हा हवेवर येते. मोठ्या ट्रकचा ब्रेकही हवेवरच चालतो. दाबलेल्या हवेबरोबर बाष्पही टाकीत जाते आणि तेथे त्याचे पाणी होते, म्हणून टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून ते काढून टाकावे लागते. उभ्या गाडीचा ब्रेक तर मला फारच समंजस वाटतो. तो लावते ती स्प्रिंग, हवा फक्त तिला मागे रेटून धरते. हवा संपली, की स्प्रिंग सुटते आणि चाके जागच्या जागी जखडतात. ट्रकची हवा गेली तर तो सैरावैरा धावू नये, थांबावा, अशी ही योजना आहे.

आमच्यात एक काका आहेत, ठोकणाऱ्या पंथाचे आद्य पुरुष. गेज म्हणजे ज्यांना कान नाहीत त्यांची कुबडी, हे त्यांचे ठरलेले वाक्य. मागे एकदा पहाटे मी माझ्या गाडीखालून बाहेर आलो, तर पलीकडच्या ट्रकच्या मागच्या जोडीपाशी काका वाकलेले दिसले. हातात गेज होते आणि ते आतल्या टायरच्या व्हॉल्व्हवर लावून, चष्मा कपाळावर सरकवून, डोळे बारीक करून ते आकडा वाचत होते. सगळी चाके मोजून झाल्यावर त्यांनी व्हॉल्व्हच्या टोप्या एकेक करून घट्ट बसवल्या, गेज फडक्यात गुंडाळून सीटखाली सारले, मग टॉमी बाहेर काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने पहिल्या टायरवर एक खणखणीत फटका मारला.