लिस्बन १९६७: अडसर कुठून निघाला

उजव्या बाजूच्या बचावपटूनं पास दिला आणि डाव्या बाजूच्या बचावपटूनं गोल केला. २५ मे १९६७ च्या युरोपियन कप या क्लब फुटबॉल स्पर्धेच्या फायनलमधला ६३ व्या मिनिटाचा हा गोल एका वाक्यात एवढाच आहे. पण त्या सामन्याचं सगळं मर्म या वाक्यात आहे. जिम क्रेग आणि टॉमी गेमेल हे स्कॉटलंडच्या सेल्टिकचे दोन्ही फुल-बॅक (कडेचे बचावपटू) एकाच वेळी इंटर मिलानच्या पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी उभे होते. त्या काळी एक फुल-बॅक पुढे गेला की दुसरा मागे थांबायचा, हा शिरस्ता होता.

या फायनलबद्दल बोलताना 'आक्रमणानं बचावावर मात केली' असं म्हटलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. नुसतं आक्रमण प्रशिक्षक एलेनियो एरेराच्या इंटरला हवंच असायचं. रेआल माद्रिदनं १९६४ च्या फायनलमध्ये आक्रमण केलं आणि ३-१ ने हरले. १९६५ मध्ये बेन्फिका १-० ने हरली. मार्च १९६५ मध्ये सेल्टिकची सूत्रं हाती घेतलेल्या जॉक स्टीननं नेमकी जागा शोधली. १९६३ मध्ये, डनफर्मलिनचा प्रशिक्षक असताना, तो इटलीत जाऊन एरेराच्या सरावाचा अभ्यास करून आला होता. त्यामुळे हे यंत्र त्याला आतून माहीत होतं.

ते यंत्र आधी समजून घेऊ. 'कातेनाच्यो' या इटालियन शब्दाचा अर्थ दाराची कडी किंवा अडसर. समोरच्या प्रत्येक आघाडीपटूला एक पहारेकरी नेमलेला असतो आणि आपला माणूस जाईल तिथे तो जातो. या पहारेकऱ्यांच्या मागे एक मोकळा खेळाडू असतो, तो लिबेरो. इंटरमध्ये ही जागा कर्णधार आर्मांदो पिक्कीची. पहारेकरी चुकला, घसरला, मागे पडला, तर ते निस्तरायला पिक्की. चेंडू मिळाला की एक लांब पास आणि दोन-तीन जणांची धाव. डावा फुल-बॅक जाचिंतो फाकेत्तीसुद्धा धावायचा. १९६५-६६ च्या हंगामात त्यानं लीगमध्ये १० गोल केले होते, म्हणजे इंटरला नुसता बचावखोर संघ म्हणणं अन्यायाचं आहे.

या रचनेची मेख अशी की पहारा माणसांवर असतो, जागेवर नसतो. समोरचे आघाडीपटू जितके आत घुसतील तितके पहारेकरीही आत ओढले जातात आणि लिबेरो त्यांच्याही मागे. मग बॉक्सच्या कडेपासून पुढे वीसेक यार्डांचा पट्टा रिकामा पडतो. तिथे येणाऱ्याला आवरायचं काम मिडफिल्डचं आणि विंगरचं, म्हणजे कडेनं खेळणाऱ्या आघाडीपटूचं. ते दमले किंवा वेळेवर परतले नाहीत, तर तिथे चेंडू मिळालेल्या माणसाला अडवायला कुणीही नेमलेला नसतो.

आता सेल्टिक. मांडणी ४-२-४. गोलात रॉनी सिम्पसन, वय ३६. मागे क्रेग, बिली मॅकनील, जॉन क्लार्क, गेमेल. मधे फक्त दोघं, बॉबी मर्डॉक आणि बर्टी ऑल्ड. पुढे जिमी जॉनस्टन, विली वॉलेस, स्टीव्ही चामर्स, बॉबी लेनॉक्स. सगळे ११ जण सेल्टिक पार्क या घरच्या मैदानापासून सुमारे ३० मैलांच्या आत जन्मलेले, आणि त्यात सर्वांत लांबचा सॉल्टकोट्सचा लेनॉक्स. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते, आणि सांगण्यासारखीच आहे. पण खेळाच्या दृष्टीनं मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मर्डॉक मुळात पुढे खेळणारा आणि ऑल्ड मुळात विंगर. स्टीननं दोघांनाही मागे आणून मिडफिल्डमध्ये बसवलं. त्यामुळे मधे दोघंच असले, तरी दोघंही गोलकडे तोंड करून पास देणारे होते. चेंडू हिसकावण्यापुरता घेतलेला त्यात कुणी नव्हता. आणि गेमेल डाव्या बाजूला खेळायचा, पण त्याचा जोराचा पाय उजवा. डावीकडून आत शिरला की चेंडू आपोआप त्या पायावर यायचा.

इंटरच्या बाजूनं एक मोठी उणीव होती. लुइस सुआरेस दुखापतीमुळे नव्हता, त्याच्या जागी माउरो बिचिक्ली खेळला. बचावातून चेंडू उचलून चाळीस यार्डांवर अचूक टाकणारा माणूस म्हणजे सुआरेस. तो नसेल तर कातेनाच्योचा अर्धा भाग, प्रतिहल्ल्याचा भाग, बंद पडतो. वेगानं धावणारा ब्राझिलियन विंगर जाईरही त्या दिवशी नव्हता. बचावाची फळी मात्र पूर्ण होती. सार्ती, बुर्ग्निच, फाकेत्ती, ग्वारनेरी, पिक्की आणि पुढ्यात बेदीन. अडसर शाबूत होता, चेंडू बाहेर काढायची वाट तेवढी बुजली होती.

सामना लिस्बनच्या एस्तादियु नासियोनालमध्ये. हे मैदान १९४४ सालचं, एक बाजू झाडीकडे उघडी आणि एका बाजूला संगमरवरी मंच. खेळ सुरू झाला संध्याकाळी साडेपाचला, मे महिन्याच्या उन्हात. पंच पश्चिम जर्मनीचे कुर्ट चेन्शर.

पहिली काही मिनिटं इंटरचीच. सांद्रो मात्सोलाचा हेडर सिम्पसनच्या पायाला लागून परतला. सातव्या मिनिटाला क्रेगनं बॉक्समध्ये काप्पेल्लीनीला पाडलं आणि पंचांनी पेनल्टी दिली. मात्सोलानं सिम्पसनला उलट्या बाजूला पाठवून गोल केला. हा निर्णय बरोबर होता की कठोर, यावर स्कॉटलंडमध्ये कित्येक वर्षं वाद झाला. माझ्या मते धक्का स्पष्ट होता.

इंटरचा घात या गोलनंच केला असं मला वाटतं. सातव्या मिनिटाला आघाडी मिळाल्यावर सुआरेसविना खेळणारा संघ आणखी मागे गेला. फाकेत्तीची धाव थांबली, मिडफिल्ड बॉक्सला टेकलं आणि तो वीस यार्डांचा पट्टा ८३ मिनिटांसाठी सेल्टिकच्या हवाली झाला.

स्टीनच्या आखणीचा गाभा इथे दिसतो. बुर्ग्निच जॉनस्टनवर नेमलेला. एरवी जॉनस्टन उजव्या रेषेला चिकटून चेंडू घेतो आणि फुल-बॅकला नाचवतो. इथे तो मागे येतो, मधे भटकतो. बुर्ग्निच त्याच्या मागोमाग ओढला जातो आणि सगळी उजवी बाजू क्रेगला मोकळी मिळते. तिथे क्रेगला आवरायला इंटरचा मारिओ कोर्सो उरतो, आणि मागे धावून पहारा देणं हे कोर्सोचं काम कधीच नव्हतं. डाव्या बाजूला लेनॉक्स आत सरकतो आणि गेमेलला रस्ता मिळतो. त्याच्या मागे पळायची जबाबदारी आंजेलो दोमेन्गिनीवर. तो मेहनती होता, पण दर दोन मिनिटांनी सत्तर यार्ड मागे पळून कुणाचा दम टिकणार? चामर्स आणि वॉलेस आतल्या बाजूला सतत धावत राहतात. चेंडू त्यांच्याकडे येत नाही तेव्हाही ते काम करत असतात, कारण ग्वारनेरी आणि पिक्कीला ते गोलजवळ खिळवून ठेवतात. लिबेरो इतका मागे असल्यामुळे ऑफसाइडची भीतीही उरत नाही.

तरीही तासभर गोल होत नाही, याला कारण जुलियानो सार्ती. गेमेलचे लांबून आलेले फटके, जॉनस्टनचा हेडर, मर्डॉकचे फटके, सगळं त्यानं अडवलं. ऑल्डचा फटका आडव्या दांडीवर आदळला. उत्तरार्धात गेमेलचा उंच गेलेला चेंडूही दांडीलाच लागला. एकदा गोलसमोर सार्तीनं वॉलेसचा पाय धरून ठेवला, पंचांनी पेनल्टी दिली नाही. सेल्टिकच्या गोलप्रयत्नांचा आकडा मोजणाऱ्यागणिक थोडा बदलतो, पण तो ४० च्या आसपास येतो. हरलेल्या गोलरक्षकानं फायनलमध्ये दाखवलेल्या सर्वोत्तम खेळांत मी हा खेळ धरतो.

६३ वं मिनिट. मर्डॉकनं उजवीकडे क्रेगला चेंडू दिला. क्रेग बॉक्सच्या कडेला पोचला आणि त्यानं घाई केली नाही. इंटरचे बचावपटू क्रॉस येईल म्हणून गोलकडे सरकले आणि तेवढ्या थांबण्यानं पट्टा आणखी रुंद झाला. मग त्यानं चेंडू आडवा मागे सारला. गेमेल धावत येऊन पूर्ण वेगात उजव्या पायानं मारतो. इंटरचा एक खेळाडू त्याच्या अंगावर येतो, पण फटक्याच्या क्षणी पाठ फिरवतो. आणखी एक पाऊल पुढे आला असता तर चेंडू त्याच्या अंगाला लागला असता. १-१.

त्यानंतर इंटरकडे दुसरा डावच नव्हता. पेनल्टी शूटआउट तेव्हा अस्तित्वात नव्हतं, तो नियम १९७० मध्ये आला. दमलेल्या फळीत ताजा खेळाडू आणायची सोयही नव्हती, बदली फक्त गोलरक्षकाची होऊ शकत होती. शेवटची सहा-सात मिनिटं राहिली असताना पुन्हा डावीकडून तोच प्रकार झाला. गेमेल पुढे गेला, त्यानं मर्डॉकला पास दिला, मर्डॉकनं बॉक्सच्या कडेवरून मारलं आणि वाटेत उभ्या चामर्सनं पाय लावून चेंडूची दिशा बदलली. २-१. याला नशीब म्हणणं मला पटत नाही. मागे सरकवलेल्या चेंडूवर मर्डॉक मारणार आणि चामर्स गोलसमोर तिथेच असणार, ही सेल्टिकची नेहमीची चाल होती.

या सामन्याचं कृष्णधवल चित्रण उपलब्ध आहे आणि ते सलग पाहावं, कारण गोलांच्या तुकड्यांमधून यातलं काहीच कळत नाही. सेल्टिकच्या आडव्या पट्ट्यांच्या शर्टवर क्रमांक नसायचे, ते चड्डीवर असायचे. २ म्हणजे क्रेग, ३ गेमेल, ७ जॉनस्टन. चेंडूकडे न बघता पंधरा मिनिटं फक्त ७ क्रमांकाकडे बघा. तो जिथे जातो तिथून इंटरचा एक माणूस कमी होतो आणि काही सेकंदांत २ क्रमांक त्या जागेत दिसतो. नियमांतला एक फरक लक्षात ठेवावा लागतो. सहकाऱ्यानं पायानं मागे दिलेला चेंडू गोलरक्षक तेव्हा हातात घेऊ शकत असे, म्हणून इंटर हवा तेव्हा खेळ संथ करू शकत होता. सेल्टिकनं त्या स्थितीत तासभर दाब टिकवला, हे आजच्या नियमांत जमण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी. गोल सोडून पुढे आलेला सिम्पसन धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर टाचेनं चेंडू मागे क्लार्कला देतो. बचाव इतका वर चढलेला असेल तर मागची मोकळी जागा गोलरक्षकानंच सांभाळायची असते. क्लार्कचं नाव क्वचितच निघतं, पण दोन्ही फुल-बॅक पुढे असताना मॅकनीलच्या शेजारी राहून मागची बाजू धरायचं जोखमीचं काम त्याचं होतं.

सेल्टिकला बचाव जमत नव्हता असं मात्र कुणी समजू नये. त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत घरी डुक्ला प्रागला ३-१ ने हरवल्यावर प्रागमध्ये त्यांनी चामर्सला एकटा पुढे ठेवून ०-० राखलं होतं. उपांत्यपूर्व फेरीत वॉयवोदिनाविरुद्ध परतीच्या सामन्यात मॅकनीलच्या अगदी शेवटच्या हेडरनं वाचले नसते, तर लिस्बन आलंच नसतं.

इंटरसाठी पुढचा आठवडाच वाईट ठरला. १ जूनला लीगच्या शेवटच्या सामन्यात ते मांतोवाकडून ०-१ ने हरले. ज्या सार्तीनं लिस्बनमध्ये डोंगर अडवला, त्याच्याच हातून एक साधा चेंडू सुटला आणि विजेतेपद युव्हेंटसला गेलं. त्या उन्हाळ्यात पिक्की वारेसेला गेला, पुढच्या वर्षी एरेरा रोमाला.

सेल्टिक १९७० मध्ये पुन्हा फायनलला पोचले, सान सिरोवर नेदरलँड्सच्या फेयेनूर्डविरुद्ध. मधे पुन्हा मर्डॉक आणि ऑल्ड, दोघंच. पहिला गोल पुन्हा गेमेलचा. पण प्रशिक्षक एर्न्स्ट हापेलच्या फेयेनूर्डनं इंटरसारखं मागे सरून तो पट्टा सोडून दिला नाही. यान्सेन, हासिल आणि वान हानेहेम असे तिघं तिथे उभे राहिले. दोघांना तिघांचा हिशेब जमेना, फुल-बॅकना वर चढायला चेंडू मिळेना. अतिरिक्त वेळेत शिंडवालनं गोल केला आणि सेल्टिक २-१ ने हरले.